अपर्णामार्फत

"आई, बाबांच्या छातीत दुखतंय. आधी बघ जाऊन!"

अपर्णा पुण्याहून फोनवर ओरडत होती आणि मी ग्वाल्हेरला, आमच्या स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. हे बैठकीत बसलेले, माझ्यापासून बारा पावलांवर. माणसाने बायकोला हाक मारायची की लेकीला पुण्याला फोन लावायचा?

पण आमच्याकडे हीच रीत. लेकीचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली, तेव्हापासून आमचं बोलणं तिच्यामार्फत. "बाबांना सांग, गॅसवाला येणारे." "आईला म्हण, डाळीत हिंग नको." भांडण म्हणाल तर कधी झालंच नाही. झालं असतं तर मिटलं तरी असतं! हे कंटाळले, मी कंटाळले, बस. पोरगी बिचारी ऑफिसात बसून आमची डाक वाहते.

धावत गेले. हे खुर्चीत घामाघूम, फोन अजून कानाला; अपर्णाने ह्यांनाही लाइनवर धरून ठेवलं होतं.

"अहो, हाक नाही का मारायची?"

माझ्याकडे पाहिलं आणि फोनमध्ये म्हणाले, "आली गं ती."

शेजारच्या जगदेवरावांनी गाडी काढली. पाटणकर बाजारात ही गर्दी! मागच्या सीटवर मी ह्यांचा हात धरून बसले होते. किती वर्षांनी धरला, कोण जाणे. गार पडला होता. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. हे गेले असते तर तेही मला अपर्णाकडूनच कळलं असतं, या विचाराने रडूच फुटलं. ह्यांनी हात सोडवून घेतला नाही, एवढंच.

कंपू भागातल्या दवाखान्यात तरुण डॉक्टरने तारा लावल्या, इंजेक्शन दिलं, मशीनवर बराच वेळ नजर ठेवली. मग म्हणाला, "बाबूजी, अब खतरा नहीं है. दर्द कब से था?"

"सुबह सात बजे से."

सात! सातला तर मी ह्यांच्यापुढे चहा ठेवून आले होते. आणि अपर्णाचा फोन आला तेव्हा नऊ वाजून गेले होते.

"इतनी देर? घर में कोई नहीं था क्या?"

हे छताकडे बघत म्हणाले, "नहीं. अकेला था."

मी तिथेच, पलंगाला टेकून उभी होते. डॉक्टर माझ्याकडे वळला.

"माताजी, आप कहाँ थीं?"

"घर में ही थी, बेटा," मी म्हटलं, आणि खाली वाकून ह्यांच्या चपला पलंगाखाली नीट लावून ठेवल्या.