ध्वनिमापकाचे चुकलेले तीन दिवस

मित्रांनो, प्रयोगशाळेच्या कपाटात मला पाहून तुम्ही टीव्हीचा जुना रिमोट समजता. मला राग येत नाही. मी ध्वनिमापक आहे. आवाज किती मोठा आहे, ते मी डेसिबलमध्ये सांगतो. माझा रंग उडालाय, बटणं झिजलीत, पण मन मात्र आठवणींनी भरलेलं आहे.

कारखान्यातून मी थेट मीरा रोडला आलो, बेव्हर्ली पार्कमधल्या एका छोट्या कार्यालयात. तिथली नीलम नावाची अभियंता रोज सकाळी माझ्या माइकवर एक चाचणीयंत्र बसवायची. त्यातून नेहमी चौऱ्याण्णव डेसिबलचा सूर निघे. माझ्या पडद्यावर चौऱ्याण्णव उमटले की ती म्हणायची, "चल, आज तू खरा."

एके वर्षी मोठं काम आलं. किनाऱ्यालगतच्या एका तळावर लष्कराचे नवे वैमानिक शिकत होते. त्यांची विमानं उत्तन या कोळ्यांच्या गावावरून वळत. कुठल्या वस्तीला किती आवाज सोसावा लागतो याचा नकाशा करायचा, आणि त्यावरून विमानांचा मार्ग नि वेळा ठरवायच्या, असं ते काम होतं. मला उत्तनमधल्या मार्सेलिन आंटींच्या गच्चीवर तिपाईवर उभं केलं. आंटी घरात पाळणाघर चालवत. मासळी विकणाऱ्या आया बाजारात गेल्या की त्यांची अकरा मुलं आंटींपाशी असत. दुपारी ती झोपली की विमान येई आणि सगळी रडत उठत. धाकटी मेगन तर विमान गेल्यावरही कानांवरचे हात काढत नसे.

दुसऱ्याच दिवशी नीलम तापाने आजारी पडली. तिच्या जागी आलेले सहकारी माझे आकडे उतरवून घेत आणि निघून जात. माझी चाचणी कुणी केली नाही. खाऱ्या वाऱ्याने माझा माइक खराब झाला होता. सलग तीन दिवस मी कमी आकडे दाखवले, आणि उत्तनला फारसा त्रास नाही असा अहवाल तयार झाला.

बरी होऊन आलेल्या नीलमला आंटींनी दारातच गाठलं. "तुझी मशीन बहिरी हाय का बाय? आमची पोरं उगाच रडतात?"

नीलमने वाद घातला नाही. वर येऊन तिने चाचणीयंत्र लावलं. माझ्या पडद्यावर शहाऐंशी उमटले. मित्रांनो, त्या क्षणी मला फार लाज वाटली.

"उद्या तळावर अहवाल द्यायचाय," कार्यालयाचे प्रमुख उत्तम सर म्हणाले. "आपलंच यंत्र चुकलं, असं सांगायचं का त्यांना?"

"सर, नाही सांगितलं तर ती मुलं खोटी ठरतील," नीलम म्हणाली.

सरांनी तळावर फोन लावला आणि आठ दिवसांची मुदत मागून घेतली.

मला वाटलं होतं, आता आपण भंगारात जाणार. पण नीलमने मला नवा माइक बसवून घेतला आणि पुन्हा त्याच गच्चीवर नेलं. या वेळी ती रोज आली.

तळावरच्या अधिकाऱ्यांनी अहवाल चाळला. "तीन दिवसांचे आकडे तुम्हीच रद्द केलेत?"

"हो. ते चुकीचे होते," नीलम म्हणाली.

"मग उरलेल्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही," ते म्हणाले.

महिन्याभरात विमानांचं वळण समुद्राच्या बाजूला सरकलं आणि दुपारची एक ते तीनची उड्डाणं थांबली. सकाळी विमानं अजूनही दुरून ऐकू येतात; वैमानिकांनाही शिकायचं असतंच. पण पहिल्या शांत दुपारी नीलम मला घेऊन गच्चीवर गेली, तेव्हा मेगन आई येईपर्यंत गाढ झोपली होती. आंटींनी नीलमच्या हाती सुक्या बोंबलांची पुडी ठेवली आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आता ऐकू येतं हिला."

नंतर नवी यंत्रं आली आणि नीलमने मला तुमच्या शाळेला दिलं. इथे तुम्ही माझ्यासमोर ओरडता, टाळ्या वाजवता, कधी माझ्यातले सेल काढायला विसरता. तरी तुमचा सहवास मला आवडतो. फक्त एवढंच करा: मला ओलाव्यापासून जपा आणि वापरण्याआधी दर वेळी माझी परीक्षा घ्या. माझ्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नीलमने ठेवला नाही, म्हणूनच मी कुणाच्या तरी उपयोगी पडलो.