बकुळी आत, सुभेदार बाहेर

टोपलीची दोरी सोडू नका, असं शुभदा म्हणेपर्यंत हौशीरामांनी ती सोडली होती.

झाकण हललं, आतून एक राखाडी डोकं वर आलं आणि फ्रिजवर बसलेल्या सुभेदाराने थेट खाली उडी घेतली. सुभेदार म्हणजे हौशीरामांचा भलाथोरला तांबूस बोका. पुढे काय झालं ते कुणालाच धड दिसलं नाही. खिरीचं पातेलं कलंडलं, एक पाहुणा खुर्चीवर चढून उभा राहिला, आणि सगळं शांत झालं तेव्हा शुभदाची मांजर बकुळी पडद्याच्या दांडीवर शेपटी फुगवून बसली होती. खाली सुभेदार गुरगुरत होता. हौशीरामांच्या मनगटावर ओरखड्यांच्या लाल रेघा उमटल्या होत्या. सकाळीच देहूरोडच्या विहारात दोघांचं लग्न लागलं होतं. शुभदाच्या साडीची घडीसुद्धा अजून नीट मोडली नव्हती.

"माझंच चुकलं," हौशीराम मनगट धुताना म्हणाले. "वाटलं, ओळख करून द्यावी."

शुभदाचं हे पहिलंच लग्न, आणि तेही पन्नाशीला टेकल्यावर. लोणावळ्याच्या बाजारात तिचं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान होतं. आईचं आजारपण आणि मागोमाग भावांचे संसार यांत तिची लग्नाची वर्षं निघून गेली होती, आणि त्याचं तिला फारसं काही वाटतही नव्हतं. हौशीराम देहूरोडच्या लष्करी डेपोत स्टोअरला होते, निवृत्तीला आलेले. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची मुलगी रुपाली शुभदाकडे ब्लाउज शिवायला टाकायची. तिनेच एकदा माप देता देता वडिलांचा विषय काढला, आणि पुढच्या खेपेला वडिलांनाच दुकानात घेऊन आली. दोघांचं ठरलं ते मात्र मांजरांवरून. आपल्याकडे एक मांजर आहे आणि ती आपल्याबरोबर येणार, असं शुभदाने आधीच सांगून टाकलं होतं. त्यावर हौशीरामांनी खिशातून मोबाइल काढून सुभेदाराचे फोटो दाखवायला सुरुवात केली होती. ते संपता संपेनात.

दुसऱ्याच दिवशी दोघं तळेगावला जनावरांच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर अमृता वयाने रुपालीएवढीच होती. तिने सगळं ऐकून घेतलं, मध्येच एकदा हसू दाबलं आणि मग नीट समजावून सांगितलं. मांजर घर ओळखतं ते वासावरून. बेगडेवाडीच्या त्या घरात भिंतींपासून चपलांपर्यंत सगळ्याला सुभेदाराचा वास. त्यात एकाएकी परका वास शिरला, म्हणजे त्याच्या लेखी घरात चोरच शिरला. त्याला रागावून उपयोग नाही, बकुळीला धरून त्याच्यापुढे नेऊनही नाही. दोघांना वेगळ्या खोल्यांत ठेवायचं, रेतीचे टब वेगळे, पाण्याची भांडी वेगळी. एकाच्या अंगाखालचं फडकं दुसऱ्याच्या खोलीत टाकायचं. रोज एकाच वेळी, बंद दाराच्या दोन्ही बाजूंना दोघांना जेवण द्यायचं, म्हणजे पलीकडच्या वासाबरोबर काहीतरी चांगलं मिळतं हे त्यांच्या डोक्यात बसतं. दार उघडण्याची घाई करायची नाही. एकदा बिनसलं की सगळं पहिल्यापासून.

"आणि नवीन मांजराजवळ रात्री तिचं माणूस हवं," डॉक्टर म्हणाली. "नाहीतर ती खाणंपिणं सोडेल."

हौशीरामांनी मान डोलावली. सुभेदार गेली कित्येक वर्षं त्यांच्या पायांवर झोपायचा आणि दार लावून घेतलं तर घर डोक्यावर घ्यायचा, हे त्यांनी डॉक्टरांना सांगितलं. मग सगळंच आपोआप ठरलं. आतली खोली शुभदा आणि बकुळीची. बाहेरची खोली हौशीराम आणि सुभेदाराची.

त्या संध्याकाळी शुभदाने आतून कडी लावली आणि तिच्या जिवात जीव आला. लग्न ठरल्यापासून एका गोष्टीचं तिला आतून दडपण होतं. इतकी वर्षं ती एकटी झोपत आली होती, दिवा कधी मालवायचा, कूस कधी बदलायची हे कुणाला न विचारता. हौशीराम माणूस चांगला होता, त्याबद्दल तिला शंका नव्हती. तरी हायसं वाटलं ते वाटलंच. मग त्याचीच तिला लाज वाटली आणि ती उगाचच बकुळीला थोपटत बसली.

दाराशी जेवण घालायचं काम सुरू झालं. शुभदा संध्याकाळच्या लोकलने घरी आली की दोघं आपापल्या बाजूला फरशीवर बसत. पहिले काही दिवस बोलणं अगदीच कामापुरतं होतं.

"खाल्लं का तिनं?"

"खातेय. त्यानं?"

"फिस्कारतोय. पण खातोय."

मांजरं जेवायला वेळ लावायची, आणि वाट बघत नुसतं गप्प बसणं दोघांनाही अवघड जायचं. एक दिवस हौशीरामांनी वर्तमानपत्रातली एक बातमी मोठ्याने वाचून दाखवली. शुभदाला त्यात काय हसण्यासारखं वाटलं कुणास ठाऊक, पण ती हसली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तसलीच आणखी एक शोधून ठेवली. हळूहळू ती दाराला पाठ टेकवून बसायला लागली. पलीकडून लाकूड किंचित करकरायचं त्यावरून तेही तसेच बसत असावेत हे तिला कळलं. डेपोतल्या साहेबांच्या तऱ्हा, दुकानातल्या बायकांच्या तऱ्हा, कुणाला बाही तोकडी झाली, कुणाच्या बदलीचा हुकूम कसा फिरला, असं काहीही चालायचं. एकदा त्यांनी पहिल्या बायकोविषयी सांगितलं. तिचं नाव अनिता. ती कशी गेली ते नाही, तिला हिशेब कसा येत नसे आणि भाजीवाले तिला कसे हातोहात गंडवत ते सांगितलं, आणि सांगता सांगता स्वतःच हसले. शुभदानेही मग कधी कुणाला न सांगितलेली गोष्ट सांगितली. तिशीत असताना एक स्थळ तिला मनापासून आवडलं होतं, आणि आईला एकटं टाकवेना म्हणून तिनेच नकार कळवला होता. समोर तोंड असतं तर तिला हे सांगता आलं नसतं. दाराला सांगणं सोपं होतं.

माणसांच्या वासाचीही सवय व्हायला हवी, असं डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, तेव्हा हौशीरामांनी आपला एक जुना सदरा दाराच्या फटीतून आत सरकवला. शुभदाने तो बकुळीच्या अंथरुणात घातला. सदऱ्याची दोन बटणं तुटली होती. ती तिने त्याच रात्री लावून टाकली, मांजराला बटणांचा काही उपयोग नसताना.

सगळं सुरळीत चाललं होतं असं नाही. शुभदाचं शिलाई मशीन बाहेरच्या खोलीत आलं त्या दिवशी सुभेदाराने त्यावर शेपटी उभारून फवारा मारला. घरभर दर्प सुटला. शुभदाच्या डोळ्यांत पाणी आलं. आपणच या घरात नको आहोत, असं काहीतरी ती बोलून गेली. हौशीरामांनी बोक्याला हातही लावला नाही. ते मशीन पुसायला बसले, खाचाखाचांतून, निगुतीने.

"तो रागावलेला नाही," पुसता पुसता ते म्हणाले. "घाबरलाय. आपलं घर आपलंच आहे ना, ते बघतोय."

मग त्यांनी एक मऊ फडकं सुभेदाराच्या गालांवर चोळलं आणि तेच मशीनच्या पायांवर फिरवलं. त्याचा स्वतःचा वास लागला की त्याला ते परकं वाटणार नाही, हे त्यांनी डॉक्टरांना विचारून ठेवलं होतं. चार-पाच दिवस त्यांनी हे न चुकता केलं. त्यानंतर सुभेदार मशीनच्या पायडलवर झोपायला लागला.

दारात लावायला हौशीरामांनी जाळीची काढता-घालता येणारी चौकटही केली. रोज थोडा वेळ जाळीतून दोन्ही मांजरं एकमेकांना बघायची. आधी फिस्कारणं, मग नुसतं बघणं, मग तोंड फिरवून अंग चाटणं. तोंड फिरवलं म्हणजे भरवसा वाटायला लागला, असं डॉक्टरांचं म्हणणं.

अशात एक दिवस हौशीरामांची थोरली बहीण शकुबाई पवनेकडच्या गावाहून इंद्रायणी तांदळाचं गाठोडं घेऊन आली. बाहेरच्या खोलीत भावाचं अंथरूण पाहून तिने तोंडाला पदर लावला. सगळी हकिकत ऐकल्यावर तर तिने कपाळाला हात लावला.

"आमच्यात मांजर वळचणीला आस्तं आन् मानसं घरात," ती म्हणाली. "तुमी उलटंच केलंय की. त्यापरीस ह्या बोक्याला मी न्हेते. भाताच्या कनगीत उंदरं लय झाल्यात. ह्यो तितं, ती हितं. मिटलं."

हौशीरामांनी सुभेदाराकडे पाहिलं, मग शुभदाकडे पाहिलं, आणि उठून शकुबाईसाठी पाणी आणायला गेले. आपण म्हणू तसंच ते करणार, हे त्या उठण्यावरून शुभदाला उमगलं.

"नको, ताई," शुभदा म्हणाली. "त्याचं घर आहे हे. त्याला कुठं नेऊ नका."

शकुबाईने खांदे उडवले. त्या संध्याकाळी दारापलीकडून बातमी आली नाही. मग हौशीरामांनी एवढंच विचारलं, उद्या डब्याला मेथी चालेल का. चालेल, असं शुभदा म्हणाली. आपण नको म्हणालो ते नेमकं कशापायी, हे मात्र तिने स्वतःलाही विचारलं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिच्याकडून कडी लावायची राहिली. हौशीराम सकाळी लवकर डेपोत जायचे, शुभदाला निघायला वेळ असायचा. ती अंघोळीहून ओल्या केसांनी बाहेर आली तर आतलं दार सताड उघडं, आणि बाहेरच्या खिडकीतल्या उन्हात दोन्ही मांजरं. ती तशीच पुढे धावली. पण काहीच झालं नाही. बकुळी सुभेदाराचा कान चाटत होती. सुभेदाराने डोळे मिटले होते आणि त्याचा एक पंजा हवेत तसाच राहिला होता.

शुभदाने हौशीरामांना सांगायला फोन उचलला. नंबर काढला. मग फोन ठेवून तिने बकुळीला उचललं, आत नेलं आणि कडी घातली.

"अजून थोडे दिवस," ती तिच्या कानात म्हणाली.

तेव्हापासून रोज सकाळी हौशीराम जिना उतरले की ती दार उघडायची आणि निघताना लावायची. संध्याकाळी दाराला पाठ टेकवून, अजून बकुळी जरा बिचकते, असं सांगायची. पलीकडून उत्तर यायचं, हो, सुभेदारही अजून तसाच आहे, घाई नको. खोटं बोलून मिळवलेल्या त्या वेळाची तिला दिवसभर ओढ असायची. दार उघडलं की दोघं समोरासमोर बसणार, आणि समोरासमोर दोघांना एकमेकांशी काय बोलावं हे अजून धड जमत नव्हतं.

मार्चमध्ये एका दुपारी बाजारातली वीज गेली ती येईना. शुभदाने दुकान लवकर बंद केलं आणि साडेचारची लोकल धरली. बेगडेवाडीला उतरून ती घराच्या जिन्यात आली तेव्हा वरून हौशीरामांचा आवाज येत होता. कुणीतरी पाहुणा आला असावा असं वाटून तिने पदर सारखा केला. दार लोटलेलंच होतं. आत हौशीराम मटार सोलत बसले होते, आतली खोली उघडी होती, आणि त्यांच्या दोन्ही बाजूंना दोन मांजरं पसरली होती. ते बकुळीला सांगत होते, की शेजारच्या ताटलीत तोंड घालायचं नाही, बाईमाणसाला शोभत नाही.

शुभदाला बघून त्यांच्या हातातली शेंग तशीच राहिली.

"कधीपासून?" शुभदाने विचारलं.

"झाले बरेच दिवस." ते मांजरांकडेच बघत होते. "डेपोतून आलो की उघडायचो. तुम्ही यायच्या आधी लावायचो."

"आणि मला सांगितलं नाहीत."

हौशीरामांनी मटाराचा एक दाणा बोटांत फिरवला.

"घाई नको म्हणाल्या होत्या ना डॉक्टर," ते हळूच म्हणाले.

त्यांना मांजरांविषयी म्हणायचं नव्हतं, हे शुभदाला कळलं. तिने पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर बसून शेंगा पुढ्यात ओढल्या. मग तिला हसू यायला लागलं, आणि ते आवरेना. आपण रोज सकाळी काय करत होतो ते तिने सांगितलं. हौशीराम आधी बघतच राहिले, मग तेही हसायला लागले, इतके की सुभेदार उठून आत निघून गेला आणि बकुळी त्याच्या मागोमाग. कुणी आधी पाहिलं यावर दोघांनी थोडा वाद घातला. शेवटी शुभदाचं आधीचं ठरलं. मटार संपले तशी दोघं पुन्हा गप्प झाली. समोरासमोर होती म्हणून.

मांजरांच्या जेवणाची वेळ झाली. आज दोन्ही ताटल्या बाहेरच्या खोलीत शेजारी शेजारी मांडल्या, आणि मांजरांची तोंडं त्यांत शिरली. हौशीराम चष्मा शोधायला लागले. शुभदा उठून आतल्या खोलीत गेली आणि तिने दार ओढून घेतलं. रोजच्यासारखी दाराला पाठ टेकवून बसली. खोलीत मांजर नव्हतं. थोड्या वेळाने पलीकडे लाकूड करकरलं.

हौशीरामांनी बातमी वाचली. कुठल्याशा गावात दोन नवरदेवांच्या वरातींची अदलाबदल झाली होती. शुभदाने पूर्ण ऐकली.

"अहो," मग ती म्हणाली.

"हं?"

"आज कडी लावलेली नाही."

बाहेरून दोन मांजरांच्या चाटण्याचा आवाज येत राहिला. मग वर्तमानपत्राची घडी पडली, आणि चष्म्याची डबी टक्कन मिटली.