मांडवाबाहेरचा सूर

ही गोष्ट २०२१ सालची. त्या वैशाखात आंबी गावच्या भागूबाईचा मुलगा सुरज करोनानं दवाखान्यात गेला, तो परत आलाच नाही. सुरज कंपनीच्या भोंग्यावर कामाला निघायचा. आता सकाळी तो भोंगा झाला, की भागूबाईचा श्वास अडायचा.

भातकापणी उरकल्यावर तिनं पेटीतून वडिलांची सनई काढली. धम्म घेतल्यावर वडिलांनी गावच्या मांडवात जातीचं काम म्हणून वाजवणं कायमचं सोडलं होतं. घरात मात्र पहाटे एकच सूर धरून बसायचे. लहानग्या भागूला त्यांनी तेवढंच शिकवलं. गालात हवा राखायची, नाकानं श्वास ओढायचा, सूर तुटू द्यायचा नाही.

सत्तरीत ते पुन्हा जमायला महिना गेला. पण सुराकडं लक्ष असेतोवर मन दवाखान्याच्या दाराशी जात नसे.

नवरा जानू, रेल्वेतून निवृत्त झालेला, कुरकुरायचा. "लोकांना वाटंल, पुन्हा जुनं धरलं."

झालंही तसंच. वरच्या आळीतला नथू दारात आला. "मावशी, आमच्या चैतालीच्या हळदीला वाजवा की. तुमच्या घरचंच हाय ते."

तो हसतच बोलला. जानूचा चेहरा उतरला. नथू गेल्यावर त्यानं सनई फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. "झालं मनासारखं?"

वडिलांनी जे सोडलं ते आपणच दारात आणलं, असं भागूबाईलाही वाटलं. पण आठ दिवसांत श्वास पुन्हा अडू लागला. ती उंबऱ्याशी चौकट धरून उभी राहायची आणि जानू पाण्याचा तांब्या घेऊन नुसता बघत राहायचा.

नवव्या दिवशी ती नथूच्या अंगणात गेली.

"लग्नाला जेवाया येईन, नथू. वाजवाया न्हाई."

"मावशी, म्या वाईट मनानं न्हाई बोललो."

"ठाव हाय. म्हणून तर सांगाया आले. सकाळी सूर ऐकू आला, तर तो माझ्या जिवासाठी हाय. कुणाच्या मांडवासाठी न्हाई."

नथूनं मान खाली घातली. "व्हय, मावशी."

घरी येऊन ती माळ्याखालच्या स्टुलावर चढू लागली.

"कुटं गेलतीस?" जानूनं विचारलं.

तिनं सगळं सांगितलं. तो स्टूल धरून म्हणाला, "उतर. पडशील. मी काढतो."

दुसऱ्या सकाळी सूर तीनदा तुटला. जानू शेजारीच बसून होता.

चैताली आता कामशेतला नांदते. नथूनं पुन्हा कधी विचारलं नाही. दिसला की लांबूनच हात करतो. जानू त्यानंतरच्या तिसऱ्या पावसाळ्यात वारला. भागूबाई आंबीतच आहे. पुढचे दोन दात पडल्यानं सूर लवकर सुटतो. श्वास अजूनही अडतो, पण रोज नाही.