दोन तासांची बाटली

सुथिनचा बाण उडाला नाही. वैशाखातल्या जत्रेत पावसासाठी बांबूचे दारू भरलेले बाण आभाळात सोडायची आणि ज्याचा बाण उडत नाही त्याला चिखलात लोटायची त्यांच्याकडे रीत, तेव्हा त्याला लोटलं. त्याबद्दल त्याची काहीच तक्रार नव्हती. सलग चार वर्षं लोटून घेतल्यावर माणसाला पडायचाही सराव होतो. तक्रार होती ती खामपोंगबद्दल. खामपोंगचा बाण ढगात शिरला तो चार मिनिटांनी खाली आला, पहिला नंबर मिळाला, आणि मग आनंदाच्या भरात या माणसाने स्वतःहून चिखलात उडी मारली. बक्षीस त्याचं, ढोल त्याचे, आणि वर हरलेल्यांचा चिखलही त्याचाच!

चिखलात फुटक्या बाणांच्या बांबूच्या चिरफळ्या होत्या. दोघांच्याही पोटऱ्या फाटल्या, दोघांच्याही सुजल्या, दोघांनाही थंडी वाजून ताप भरला. आठवड्याभरात दोघं जिल्ह्याच्या दवाखान्यात शेजारशेजारच्या पलंगांवर येऊन पडले. गावात बाण बनवणारी घरं दोनच होती, आणि त्या दिवशी दवाखान्यात रिकामे पलंगही दोनच होते.

पहिल्याच दिवशी सुथिनच्या लक्षात आलं की इथेही डावं-उजवं चालतं. खामपोंगला दिवसातून औषधाच्या चार बाटल्या. याला दोन.

"सिस्टर, हा माझ्यापेक्षा दुप्पट आजारी आहे का?" त्याने कान्निका सिस्टरला विचारलं.

"तुमचा जंतू वेगळा आहे, काका. निगरगट्ट. साधी औषधं पचवून बसलाय. म्हणून तुम्हाला व्हॅन्कोमायसिन."

जंतू आपला जास्त दांडगा आहे हे ऐकून सुथिनला घटकाभर बरं वाटलं.

"मग त्याची बाटली अर्ध्या तासात संपते आणि माझी दोन तास का रेंगाळते?"

"रेंगाळायलाच हवी. हे घाईने अंगात गेलं की उलटतं. नळीवरचं हे चाक मी लावलंय तसंच राहू द्या, हात लावायचा नाही."

एवढं सांगून ती खामपोंगकडे वळली आणि त्याची संपलेली बाटली काढताना हसली. सुथिनने ते हसू मोजलं. आपल्या वाट्याच्या हसण्यापेक्षा ते दातभर मोठं होतं.

त्यातून रक्ताचा प्रकार. औषध अंगात किती उरलंय, मूत्रपिंडांना सोसतंय का, हे बघायला सिस्टर अधूनमधून बाटलीआधी सुथिनचं रक्त काढायची. म्हणजे खामपोंगला द्यायचं आणि सुथिनकडून घ्यायचं, असा हिशोब! तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई आल्या. दोघांच्या पायांवरच्या लालीभोवती त्यांनी पेनाने रेघ मारून ठेवली होती. खामपोंगची लाली रेघेच्या दोन बोटं आत आली होती. सुथिनची रेघेला चिकटून होती.

"परवापर्यंत बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "नाहीच हटली, तर पाय उघडून आतलं सडलेलं काढावं लागेल. आणि किती काढावं लागेल ते उघडल्याशिवाय सांगता येत नाही."

खाली चटईवर सुथिनची बायको पैवान चिकट भाताची टोपली उघडून बसली होती. तिने झाकण पुन्हा लावलं. सुथिनने पायावर चादर ओढून घेतली. पण पायाच्या भीतीच्याही वर जागा करून एक गोष्ट बसली होती: दोन बोटं.

"काय रे," खामपोंग पलीकडून म्हणाला, "मी आलो की बघतो, अजून तीच बाटली! विहीर टांगलीय की काय?"

हा 'आलो की' म्हणजे कुठून, तर संडासातून. खामपोंग आता चालत संडासाला जात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रात्रपाळीची सिस्टर जाता जाता सुथिनची बाटली लावून गेली. थोड्या वेळाने कान्निकाने खामपोंगची लावली आणि ती टोकाच्या पलंगाकडे गेली. पैवान भांडी घासायला गेली होती. सुथिनने वर पाहिलं. त्याची बाटली थेंब... थेंब करत होती. खामपोंगची थेंबथेंबथेंब करत होती. बाण बनवणाऱ्या माणसाला कुठलीही गोष्ट सावकाश जाताना बघवत नाही. त्याने हात वर केला आणि चाक पूर्ण उघडलं.

नळीतून धारच लागली. पाचच मिनिटांत त्याने खामपोंगला गाठलं. आयुष्यात पहिल्यांदा! दहाव्या मिनिटाला तो पुढे गेला, आणि त्याच सुमारास त्याचं डोकं खाजायला लागलं. मग मान. मग छाती. हाताकडे पाहिलं तर हात उकडलेल्या खेकड्यासारखा. छत एका बाजूने खाली आल्यासारखं वाटलं तेव्हा कुठे त्याला शहाणपण सुचलं. त्याने घाईघाईने चाक होतं तसं केलं आणि मग बोंब मारली.

कान्निका धावत आली. बाटली बंद केली, पाय उंच केले, रक्तदाब घेतला, तो खाली गेला होता. दुसरं इंजेक्शन दिलं. डॉक्टरीणबाई चप्पल उलटसुलट घालून आल्या. अर्ध्या तासाने सुथिनचा रंग माणसात आला.

"दोनच शक्यता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "औषध जोरात गेलं असेल, तर ते पुन्हा, सावकाश देता येईल. पण सावकाश जात असतानाच असं झालं असेल, तर तुम्हाला हे औषध सोसतच नाही असं मला धरावं लागेल. हे औषध कधीच द्यायचं नाही असं लाल कार्ड करायचं आणि बंद. दुसरं मोठ्या शहरातून मागवावं लागेल, त्याला दोन दिवस. आणि या पायाला दोन दिवस आहेत का, ते मी सांगू शकत नाही. बाटली कधी लावली?"

वहीत वेळच नव्हती. लावणारी घरी जाऊन झोपली होती, फोन उचलत नव्हती.

"काका, चाकाला कोणी हात लावला का? मी रागावणार नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सुथिनने खामपोंगकडे पाहिलं. खामपोंग उघड्या डोळ्यांनी इकडेच बघत होता. त्याने सगळं पाहिलं होतं हे नक्की. त्याच्यासमोर काय सांगायचं? की तुझ्या बाटलीशी शर्यत लावली होती म्हणून?

"नाही," सुथिन म्हणाला.

पैवान रडायला लागली. डॉक्टरीणबाईंनी लाल कार्ड मागवलं, पेनाचं टोपण काढलं.

"मी फिरवलं," खामपोंग म्हणाला.

सगळे वळले.

"बिचाऱ्याची बाटली हलतच नव्हती हो. मला दया आली. चूक माझी. काय शिक्षा द्यायची ती मला द्या."

"अगं बाई," पैवान डोळे पुसत म्हणाली, "केवढं मन या माणसाचं! कोण कबूल करतं असं?"

समोरच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने चक्क हात जोडले. कान्निकासुद्धा खामपोंगकडे बघत राहिली, आणि या वेळी तिच्या नजरेत जे होतं ते दातांत मोजण्यासारखं नव्हतं.

आता तेच औषध चालू राहणार, म्हणजे सुथिनचा पाय वाचला होता. आता नुसतं गप्प पडून राहायचं होतं, बाकी काही नाही. तो गप्प राहिला. पाच श्वास राहिला.

"खोटं!" तो ओरडला. "साफ खोटं! तो उठलासुद्धा नाही जागचा! मी फिरवलं! मी एकट्याने, या हाताने! याची लायकी आहे का चाक फिरवायची?"

"अरे, असू दे ना," खामपोंग म्हणाला.

"काय असू दे? बाण तू उडवायचे, चिखलात तू लोळायचं, आता माझी चूकही तूच करायची? सिस्टर, लिहा. सुथिन. पूर्ण उघडलं होतं. पूर्ण!"

डॉक्टरीणबाई रागावणार नव्हत्या, त्या रागावल्या. चांगली दहा मिनिटं. चक्कर आणखी थोडी वाढली असती तर काय झालं असतं तेही सांगितलं, आणि ते ऐकताना सुथिनचं तोंड खरोखर पांढरं पडलं. मग तीच बाटली नव्याने, तीन तासांची लागली, आणि पैवान चटई सोडून चाकाखाली स्टूल घेऊन पहाऱ्याला बसली.

दोन दिवसांनी डॉक्टरीणबाईंनी पाय दाबून पाहिला आणि सांगितलं की उघडायची गरज नाही. "खरं बोललात म्हणून हेच औषध चालू ठेवता आलं, काका. इतकं सरळ कोणी कबूल करत नाही." समोरच्या म्हाताऱ्याने आता सुथिनला हात जोडले. पैवानने त्याचे केस नीट केले. सिस्टर हसली, आणि चांगलं ऐसपैस हसली.

सुथिनने हे सगळं अंगावर घेतलं आणि मग, अगदी सहज, खामपोंगची काय अवस्था झाली ते बघायला मान वळवली.

खामपोंग गाढ झोपला होता. त्याने यातलं काहीही ऐकलं नव्हतं.

सुथिनने एकदा खोकून पाहिलं. मग जोरात.