टोपाखाली हात

मित्रांनो, मी एक जुना गाडा आहे. रंग उडालाय, एक चाक कुरकुरतं, पण अळ्यांना माझा धाक अजून तेवढाच आहे. स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हचा मी दांडगा थोरला भाऊ. भाजीच्या रिकाम्या वाफ्यावर माझा लोखंडी टोप ठेवला की माझ्या लहरी मातीत शिरतात आणि तिथल्या अळ्या, अंडी जागच्या जागी शिजतात. ना धूर, ना जाळ. एकदा मातीत चुकून बटाटा राहिला होता. वरून जेमतेम कोमट, आतून पार शिजलेला. सगळे हसले. मला मात्र तेव्हाच कसंतरी झालं होतं.

मला चालवतात भाऊजी, आणि माझ्यामागून रोपं लावत येतात त्यांच्या वहिनी. माती पुरती तापली की नाही हे वहिनी हातानंच बघतात. टोपाची कड उचलायची, "थांब रे बाबा, बघू दे," म्हणायचं आणि हात आत घालायचा. कड उचलली की तिथलं बटण सुटायचं आणि माझ्या लहरी तत्क्षणी बंद व्हायच्या. पंखा तेवढा घरघरत राहायचा. वहिनी दिराला चिडवायच्या, "भाऊजी, तुमच्यापेक्षा हा शहाणा. सांगितलेलं ऐकतो." खरं सांगतो, मी फुशारून जायचो.

यंदा वाफे उंचसखल झालेत. टोप जरा हलला की मी बंद. भाऊजी वैतागले आणि काल दुपारी त्यांनी ते बटण सुतळीनं आवळून टाकलं. वहिनींना सांगायचं त्यांच्या मनात होतं, पण जेवायच्या गडबडीत राहून गेलं.

संध्याकाळी वहिनींनी कड उचलून बोटं आत घातली आणि चटकन बाहेर काढली. डाग नाही, फोड नाही. मुंग्या आल्या वाटतं, म्हणत त्या हात झटकत राहिल्या. आज सकाळी त्यांच्या हातून रोपांचा ट्रे निसटला. वय झालं आता, म्हणून त्यांनी हसण्यावारी नेलं.

मित्रांनो, यंत्राची काळजी घ्यायची म्हणजे नुसतं तेलपाणी नव्हे. जे बटण आम्हाला थांबवतं ते बांधू नका हो. मला तोंड असतं तर कालच बोंब मारली असती.

हा शेवटचा वाफा. भाऊजी नळ बंद करायला गेलेत. पंखा नेहमीसारखाच घरघरतोय. वहिनी गुडघ्यांवर बसल्यात. काल नीट कळलं नाही म्हणून आज त्यांनी बाही कोपराच्या वर सारलीय. आता त्या कड उचलतायत.

"थांब रे बाबा, बघू दे."

मला थांबता येत नाही.