उतू गेलेलं दूध

अविनाशने स्टोव्हला पुन्हा पंप मारला. स्टोव्ह जरासा फुरफुरला, पिवळा जाळ हातभर वर आला आणि विझला.

"पिन कुठाय?" त्याने विचारलं.

"पिन तू घेणार होतास," अरुंधती म्हणाली. तिच्या हातात दुधाचं भांडं होतं आणि ते कुठे ठेवावं हे त्या रिकाम्या स्वयंपाकघरात तिला समजत नव्हतं. "मुहूर्त दहा चाळीसपर्यंतच आहे. आता पंचवीस झाले."

समोरच्या दारात सुमतीबाई उभ्या होत्या. न बोलावता आत जायचं नाही, असं त्यांनी सकाळीच स्वतःला बजावलं होतं. पण हे ऐकल्यावर कसलं काय! त्या चपलाही न घालता जिना ओलांडून पलीकडच्या उंबऱ्याशी आल्या.

"माझ्याकडे गॅस आहे. चला, आणा ते भांडं इकडे."

नवीन पनवेलातली ही इमारत सोळा घरांची होती. राहती घरं मात्र तीनच: तळमजल्यावर दोन आणि तिसऱ्या मजल्यावर सुमतीबाई. बाकीच्यांनी घरं घेतली होती, पण ते राहत होते दादरला, परळला, गिरगावात. एखाद्या रविवारी यायचे, नव्या घरात दूध उतू घालवायचे, एकमेकांना पेढे भरवायचे आणि कुलूप लावून जायचे. किल्ली सुमतीबाईंकडे. मीटर बघायला कुणी आलं, नळ गळायला लागला, तर कुणीतरी हवं ना! टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बत्तीस वर्षं इतरांचे फोन जोडून दिलेल्या बाईकडे किल्ल्या द्यायला कुणालाच भीती वाटली नव्हती. स्वयंपाकघरात फळीला तेरा खिळे होते. बारांवर किल्ल्या होत्या. तेराव्यावर सुमतीबाईंनी चहाची गाळणी अडकवली होती, कारण ही किल्ली काही येणार नव्हती. समोर माणसं राहायला येणार होती.

त्यांनी हे मनानेच ठरवलं होतं असंही नाही. गेल्या महिन्यात ही दोघं पडद्यांची मापं घ्यायला आली होती. दूधवाला किती वाजता येतो, पाणी किती वेळ असतं, बालवाडी जवळ आहे का, असं सगळं अरुंधतीने विचारलं होतं. अविनाशचं ऑफिस न्हावा शेवाला जाणार होतं, म्हणजे पनवेलच सोयीचं. दुसऱ्या दिवशीच सुमतीबाईंनी दूधवाल्याला सांगून ठेवलं, पुढच्या महिन्यापासून समोर एक लिटर लागेल. आणि आज पहिल्याच दिवशी बिचारी चूल कशी मांडणार, म्हणून त्यांनी चौघांना पुरेल एवढा मसालेभात केला होता, वर शिरा. दोघांच्या हातात एकच पिशवी आहे हे त्यांना दिसलं होतं. सामान मागून टेम्पोने येत असेल, असं त्यांनी धरलं.

सुमतीबाईंच्या ओट्यावर अरुंधतीने भांडं ठेवलं, शेगडीला हळदकुंकू लावलं. गॅस पेटला. तिघंही भांड्याकडे बघत उभे राहिले.

साय धरली, कडेने बुडबुडे आले आणि दूध चढू लागलं. तसा सुमतीबाईंचा हात आपोआप शेगडीच्या बटणाकडे गेला. त्यांनी तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने पाठीमागे घट्ट धरून ठेवला.

हा हात त्यांना चांगला ठाऊक होता. दोन वर्षांपूर्वी याच ओट्यावर याच हाताने त्यांचा घात केला होता. प्रॉव्हिडंट फंडाच्या पैशातून घर घेतलं, भाऊ दीनानाथ डोंबिवलीहून मुलाबाळांसकट येणार होता. तो आला नाही. धाकटीला ताप होता म्हणे. मग त्यांनी एकटीनेच दूध ठेवलं. दूध वर आलं, आता उतू जाणार, आणि हाताने गॅस बंद केला! लहानपणापासून थेंब वाया जाऊ दिला नव्हता, तो हात कशाला ऐकतोय? दूध मुकाट खाली बसलं. पुन्हा तापवावं असं क्षणभर वाटलं, पण जे व्हायचं ते पहिल्यांदाच व्हायला हवं होतं. त्यांनी त्या दुधाचा चहा केला आणि एकटीने प्यायला. विचारणाऱ्या प्रत्येकाला मात्र सांगितलं, "छान उतू गेलं, अगदी पूर्वेला." घरात काही बिनसलं, भिंतीला ओल आली, महिना महिना कुणी फिरकलं नाही, की त्यांना ते खाली बसलेलं दूध आठवे. या घराने आपल्याला घेतलेलं नाही, असं त्यांना मनापासून वाटायचं. रेशनकार्ड अजून भावाच्या, डोंबिवलीच्याच पत्त्यावर होतं.

चर्र आवाज झाला. दूध भांड्यावरून ओघळलं, बर्नरवर पडलं, ओट्यावर पसरलं. घरभर वास सुटला.

"पूर्वेलाच गेलं!" अविनाश म्हणाला.

"पूर्व तिकडे आहे," अरुंधती म्हणाली, आणि तिघंही हसली. या स्वयंपाकघरात तीन माणसं हसायची ही पहिलीच वेळ. सुमतीबाईंना इतका आनंद झाला की त्यांनी लगेच शिऱ्याचं पातेलं पुढे ओढलं.

"टेम्पो कधी येतोय? तोपर्यंत इथेच जेवून घ्या. मसालेभात केलाय."

अरुंधतीने अविनाशकडे बघितलं. अविनाशने रुमालाने हात पुसले, पुसलेलेच पुन्हा पुसले.

"मावशी, सांगायचं राहिलंच," अरुंधती म्हणाली. "याचं ऑफिस नाही हलत आता. फोर्टलाच ठेवताहेत."

"निदान दोन-तीन वर्षं तरी," अविनाश म्हणाला. "मुहूर्त काढलेला होता, म्हणून म्हटलं एवढं उरकून घेऊ." त्याने खिशातून किल्ली काढली. "सगळे तुमच्याकडेच ठेवतात ना?"

सुमतीबाईंनी हात पुढे केला नाही.

"पण मग हे दूध तुमचं नाही झालं," त्या म्हणाल्या. "उतू गेलं ते माझ्या घरात. तुमच्या घराला काय त्याचं? तुम्हाला पुन्हा करायला लागेल. पुढच्या रविवारी या. पिन मी आणून ठेवते, बाजारात मिळते. डबाभर आणते."

बोलता बोलताच त्यांना स्वतःची लाज वाटली. शास्त्राबिस्त्राची त्यांना काही पर्वा नव्हती. ही दोघं आणखी एकदा यावीत, एवढंच त्यांना हवं होतं.

"अहो, आजकाल एवढं कोण..." अविनाश सुरू झाला. अरुंधतीने त्याला डोळ्यांनीच थांबवलं.

"राहू दे, मावशी," ती म्हणाली. "आजचं तुमच्याकडेच धरा. आम्ही राहायला येऊ, तेव्हा आमचं करू."

ती गोड बोलली. तिच्या मनात वाईट काहीच नव्हतं. अविनाशने किल्ली शिऱ्याच्या पातेल्याशेजारी ठेवली. दोघांनी हातावर शिरा घेतला, छान झालाय म्हणाली, वाकून नमस्कार केला आणि सव्वाअकराची एसटी गाठायला निघाली. खाली फाटक वाजेपर्यंत सुमतीबाई दारात उभ्या होत्या.

मग त्यांनी तेराव्या खिळ्यावरची गाळणी काढली आणि तिथे किल्ली अडकवली. गाळणी कुठे ठेवावी ते सुचेना, म्हणून ती हातात धरूनच त्या पाटावर बसून राहिल्या. एरवी ओट्यावर पाण्याचा थेंब खपत नसे. आज दूध वाळून त्याची पापडी झाली तरी त्या उठल्या नाहीत. रडू आलं, तेही नीट आलं नाही.

बाराच्या सुमारास जिन्यात झाडूचा आवाज आला. मंगळी दर रविवारी जिने झाडायला येई. इमारतीमागच्या झोपड्यांत ती राहायची. बांधकाम चालू असताना याच जिन्यावरून तिने घमेली वाहिली होती. काम संपलं, बरोबरची माणसं वीटभट्टीवर गेली, ती मागे राहिली. सुमतीबाई तिला कपभर चहा द्यायच्या, बाहेर, पायरीवर. असंच चालत आलं होतं, कुणी ठरवलेलं नव्हतं.

मंगळी दाराशी थांबली. तिने नाक वर करून वास घेतला.

"दूध उतू गेला काय गो बाय?"

"हो."

"समोर मानसा आली र्‍हायला?"

"नाही. गेली ती."

मंगळीने समोरच्या कुलपाकडे पाहिलं. या इमारतीत दूध कधी करपतं, हे तिला बरोबर माहीत होतं.

"मंग कुनाचा घर झाला?"

सुमतीबाईंनी ओट्याकडे पाहिलं. बर्नर काळा पडला होता. आजचं तुमच्याकडेच धरा, असं ती पोर म्हणाली होती.

"माझं," त्या म्हणाल्या.

"तुजा? तू तं कवापासनं हाय हितं."

"हो. पण झालं आज." त्या उठल्या. गाळणी त्यांनी ओट्यावर ठेवली आणि फळीवरून दोन ताटं काढली. "आत ये. मसालेभात आहे, जेवून जा."

मंगळी हसली. मग बाई थट्टा करत नाही हे तिच्या लक्षात आलं. तिने झाडू भिंतीला टेकवला, लुगड्याच्या टोकाने दोन्ही पाय पुसले. याच खोलीत ती वाळूची घमेली घेऊन शेकडो वेळा आली-गेली होती, पण तेव्हा इथे उंबरा नव्हता. आता उंबऱ्याशी येऊन ती अडखळली. नव्या घरात शिरताना माणसं कशी जपून पाय टाकतात, ते तिने बारा-तेरा वेळा जिन्यातून पाहिलं होतं.

"कंचा पाय गो बाय?" तिने विचारलं. "उजवा ना?"

"उजवा," सुमतीबाई म्हणाल्या.