थोरलीचा चहा

आमच्या घरात मी धाकटी. थोरली म्हणजे कारखान्यातली लेथ, लोखंड कापायचं मशीन. माझ्या जन्माआधीपासून बाबा तिच्यावर काम करत होते, म्हणून तिला थोरली म्हणायचे, आणि लहानपणी मला त्याचा भारी राग यायचा. बाबा निवृत्त झाले आणि थोरली माझ्या वाट्याला आली. बहिणी-बहिणींचं जमतं तसंच आमचं जमलं, म्हणजे धुसफुसत.

यंदा तिचं कूलंट नासायला लागलं. लोखंड कापताना टूल तापू नये म्हणून त्यावर तेल मिसळलेलं, दुधासारखं दिसणारं पाणी सोडतात. ते खालच्या टाकीत जमा होतं आणि पंप तेच पुन्हा वर चढवतो. सुट्टीनंतर मी बटण दाबलं की सडक्या अंड्यांचा असा भपका सुटायचा की शेजारच्या मशीनवरचे नाकाला रुमाल लावून माझा उद्धार करायचे. वास मी चालवून घेतला असता. पण तेच पाणी दिवसभर हातांवर उडायचं. बोटांच्या बेचक्यांत पुरळ उठलं, मग कातडी सोलवटून निघाली. जेवताना मीठ लागलं की डोळ्यांत टचकन पाणी यायचं.

"टाकी साफ करत नाहीस तू," फोरमन म्हणाला.

"मग आता जिभेनं चाटू का?"

"चाट नाहीतर काहीही कर. परत नासलं तर ही जाईल भंगारात आणि तू पॅकिंगला."

मी सगळं कूलंट पिंपात उपसलं. टाकीत अर्धी वाकून तळाचा काळा, बुळबुळीत गाळ खरवडला, औषधाचं पाणी फिरवलं, नवं कूलंट भरलं. आठवडाही गेला नसेल, पुन्हा तोच वास. मी टाकीवर लाथ मारली आणि वर स्वतःचाच पाय धरून बसले.

बाबा तेव्हा तिथेच होते. निवृत्त झाले तरी रोज यायचे आणि थोरलीशेजारी स्टुलावर बसायचे. अर्धा कारखाना त्यांच्या हाताखाली शिकलेला. त्यामुळे येणारा-जाणारा प्रत्येक जण "घ्या उस्ताद" म्हणत चहा हातात द्यायचा, तोही चांगला गोडमिट्ट. बाबांना साखरेचा आजार. डॉक्टरांनी गोड पार बंद केलेलं, पायाच्या अंगठ्याची जखम भरता भरत नव्हती. घरी मी बिनसाखरेचा द्यायचे, तो ते तोंड वाकडं करून प्यायचे. कारखान्यात घोटभर घेऊन बाकीचा ठेवून देत असतील, अशी माझी समजूत.

एक दिवस टूलला धार लावून मी जरा लवकर परतले. बाबांनी इकडेतिकडे पाहिलं, टाकीचं झाकण उचललं आणि हातातला भरलेला कप आत ओतला. कपाच्या बुडावर टिचकी मारली. "पी बाई," म्हणाले.

माझं डोकंच फिरलं.

"बाबा! काय करताय हे?"

ते दचकले. "अगं, मला चालत नाही ना गोड."

"म्हणून हिला पाजता? दूध-साखर सडणार नाही तर काय होणार? हे बघा!" मी हात त्यांच्या तोंडासमोर धरले.

बाबा हातांकडे बघत राहिले. चेहरा एवढासा झाला. "नवं आहे ना हे पाणी, मला काय ठाऊक," ते पुटपुटले. "आमच्या वेळी नुसतं तेल असायचं... पोरं प्रेमानं देतात गं. नाही कसं म्हणायचं?"

"तोंडानं म्हणायचं!"

फोरमनला मी काही सांगितलं नाही. टाकी पुन्हा एकटीनं धुतली. बाबा नंतरही येत राहिले, पण झाकणाला त्यांनी परत हात लावला नाही. कूलंट टिकलं. सुट्टीनंतर बटण दाबताना मी श्वास रोखायचे ते बंद झालं. फोरमन एकदा मुद्दाम टाकीशी वाकून गेला आणि काहीच न बोलता पुढे गेला, म्हणजे खूश झाला. माझ्या हातांवर नवी कातडी आली, गुलाबी आणि पातळ. मी खुशीत होते. स्टुलाखाली रिकामे कप दिसायचे. टाकीत चहा नाही ना, एवढंच मी बघत होते.

मग बाबांचा अंगठा काळा पडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी पाय उघडून पाहिला, रक्ततपासणीचा कागद पाहिला आणि माझ्यावरच उखडले. "गोड कोण देतं यांना?"

"घरात साखरेचा कणसुद्धा देत नाही मी," मी म्हणाले. मलाही राग आला होता.

बाबा खाटेवर खाली मान घालून बसले होते. चोरी पकडल्यासारखे. त्यांनी माझा हात हातात घेतला, उलटा-सुलटा करून पाहिला, बेचक्यांवरून अंगठा फिरवला.

"बरे झाले गं," म्हणाले. मग डॉक्टरांकडे न बघताच हळूच म्हणाले, "आधी थोरली प्यायची माझा चहा."

अंगठा काढावा लागेल, कदाचित पाऊलही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सही करायला कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "मोठ्या बहिणीला कळवायचंय का?"